चर्चगेटचं चर्च ४२ वर्षं अर्धवट का पडून होतं? जुन्या चर्चसाठी पैसा कसा उभा राहतो, समजून घ्या

चर्चगेट स्टेशनवर रोज लाखो माणसं उतरतात. पण तिथे ना चर्च दिसतं, ना गेट. गेट होतं ते मुंबईच्या जुन्या किल्ल्याचं. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि तिच्यासोबत तेही गेलं. चर्च मात्र अजून जागेवर आहे. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, हॉर्निमन सर्कलला लागून. नाव सेंट थॉमस कॅथेड्रल.

या चर्चचा पाया घातला गेला १६७६ मध्ये. त्यात पहिली प्रार्थना झाली १७१८ मध्ये. मधली ४२ वर्षं काय झालं?

युद्ध नाही, भूकंप नाही. वर्गणी गोळा झाली होती, तीच कुठे गेली ते कळेना.

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे जुन्या वास्तूंसाठीची आवाहनं आता थेट आपल्या मोबाइलवर येतात. "आपल्या गावचं शंभर वर्षांचं चर्च मोडकळीला आलंय, फूल ना फुलाची पाकळी द्या," असा मेसेज, एक फोटो आणि खाली क्यूआर कोड. द्यायचे की नाही? दिले तर ते कुठे जातात? करसवलत खरंच मिळते का? कंपन्या, सरकार, परदेशी संस्था यांचे पैसे अशा कामाला चालतात का? एकेक गोष्ट बघूया. सुरुवात त्या ४२ वर्षांपासूनच.

पैसे जमले, चर्च नाही

१६७० च्या दशकात मुंबईचा कारभार जेराल्ड ऑंगियर या गव्हर्नरकडे होता. शहराची घडी बसवणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मुंबईतल्या इंग्रजांना प्रार्थनेसाठी नीट चर्च नव्हतं, म्हणून त्याने वर्गणी काढली आणि १६७६ मध्ये पाया घातला. पुढच्याच वर्षी तो सुरतेत वारला. भिंती साधारण १५ फूट उंचीपर्यंत आल्या आणि काम थांबलं.

जमलेल्या रकमेचं काय झालं? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक खलाशी-व्यापारी त्या काळात या किनाऱ्यावर वावरत होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात सरळ आरोप केलाय की पुढे कारभारी झालेल्या सर जॉन चाइल्डने हा निधी स्वतःच्या खिशात घातला. हॅमिल्टन कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खार खाऊन होता, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द खरा मानायची गरज नाही. पण त्याला खोटं पाडेल असा हिशेबही कुणी लोकांपुढे ठेवला नाही. भिंती तशाच उघड्या पडून राहिल्या. एक अख्खी पिढी त्या बघत मोठी झाली.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचे पाद्री मुंबईत आले. त्यांनी उपदेशातून चर्चचा विषय काढला. पाठोपाठ नवी वर्गणी सुरू केली, कंपनीच्या दुसऱ्या ठिकाणच्या वखारींनाही पत्रं पाठवली. चार्ल्स बून हे नवे गव्हर्नर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तीन-चार वर्षांत काम पुरं झालं आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. त्या दिवशी रामा कामाटी हे मुंबईतले बडे हिंदू पुढारी आपल्या जातबांधवांसह आले होते आणि पूर्ण उपासना संपेपर्यंत थांबले, अशी नोंद खुद्द कॉब यांनी केली आहे.

पुढे १७६६ मध्ये कॉब यांनी या बांधकामावर एक पुस्तकच छापलं. त्यात पत्रव्यवहार आहे आणि वर्गण्यांचा तपशीलही आहे. म्हणजे काम संपून पन्नास वर्षं होत आली तरी त्या माणसाने कागद जपून ठेवले होते.

शहर तेच, जागा तीच. एकदा पैसे जमूनही चर्च झालं नाही, दुसऱ्यांदा झालं. पैसे देणारे दोन्ही वेळा होते. दुसऱ्या वेळी हिशेब ठेवणारा माणूसही होता.

कळसाला पैसे कमी पडले, दिले पारशी शेठने

दुसरं उदाहरण कुलाब्याचं. नेव्ही नगरकडे जाताना उंच टोकदार मनोरा दिसतो, ते अफगाण चर्च. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांची आठवण म्हणून ते बांधलं गेलं. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. मुंबईला विहार तलावाचं पाणी देणाऱ्या योजनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच हे.

पायाभरणी डिसेंबर १८४७ मध्ये झाली, चर्च उपासनेसाठी खुलं झालं जानेवारी १८५८ मध्ये. पण मनोऱ्याचा वरचा निमुळता भाग बाकी होता, कारण पैसे संपले होते. तो पुरा व्हायला १८६५ साल उजाडलं. एकूण खर्च त्या काळचे सुमारे ५ लाख ६५ हजार रुपये. शेवटी जी तूट पडली ती भरायला कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी साडेसात हजार रुपये दिले.

रेडीमनी पारशी. मुंबईत त्यांनी जागोजागी पाणपोया बांधल्या. सेंट थॉमस कॅथेड्रलच्या दारातलं नक्षीदार कारंजंही त्यांच्याच देणगीतलं.

यात नवल वाटायचं कारण नाही. उरुसाला हिंदू घरातून चादर जाते, गणपतीच्या मांडवाला मुसलमान दुकानदार वर्गणी देतो, हे आपण बघतोच. जुनी वास्तू गावाची असते आणि गाव एका धर्माचं नसतं. मुंबईतच काळा घोड्याजवळ केनेसेथ एलियाहू हे ज्यू प्रार्थनास्थळ आहे, १८८४ चं. मुंबईत ज्यू कुटुंबं आता फार थोडी उरलीत. तरी २०१९ मध्ये या इमारतीची दुरुस्ती पुरी झाली, कारण जिंदाल कुटुंबाचं जेएसडब्ल्यू प्रतिष्ठान, काळा घोडा असोसिएशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड ही मंडळी पुढे आली. त्या वर्षी युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातले वारसा पुरस्कार जाहीर केले, त्यात हे सिनेगॉग होतं आणि भायखळ्याचं ग्लोरिया चर्चही होतं. सेंट थॉमस कॅथेड्रलला असाच पुरस्कार २००४ मध्ये मिळाला होता.

पण जुन्या चर्चला एवढा पैसा लागतोच कशाला?

"रंग मारा, गिलावा करा, झालं," असं आपल्याला वाटतं. गडबड इथेच होते.

आपल्याकडची जुनी चर्च बहुतेक दगड, वीट, चुना आणि लाकूड यांची आहेत. त्या काळी सिमेंट नव्हतं. घाणीत मळलेला चुना असायचा, त्यात वाळू, विटांची पूड म्हणजे सुरखी, कुठे गूळ, कुठे बेलफळाचं पाणी. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकतेही. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. मग गिलावा फुगतो, मिठाचे पांढरे डाग येतात, दगडाचा पापुद्रा सुटतो. तीन-चार पावसाळ्यांत भिंत आधीपेक्षा वाईट दिसायला लागते. हौसेने केलेल्या स्वस्त दुरुस्तीमुळे पुढच्या दुरुस्तीचा खर्च वाढतो, तो असा.

दुसरी गोष्ट छप्पर. चर्चचं छप्पर उंच आणि उतरतं. लाकडी कैच्या, वर मंगलोरी कौलं. दहा-बारा कौलं सरकली की पाणी थेट कैचीच्या टोकावर पडतं, जिथे लाकूड भिंतीत घुसलेलं असतं. ती जागा खालून दिसत नाही. तिथे लाकूड कुजतं, वाळवी लागते आणि कुणाला कळतं तेव्हा कैचीच खचलेली असते. एवढ्या उंचीवर काम करायचं तर परात बांधण्याचाच खर्च मोठा येतो.

तिसरी गोष्ट कारागीर. चुन्याचं काम येणारा गवंडी, जुन्या सागवानाला जोड देणारा सुतार, रंगीत काचेचं काम करणारा माणूस, असे हात आता कमी आहेत. ते लांबून बोलवावे लागतात.

दुर्लक्ष केलं तर काय होतं हे जुन्या गोव्यात जाऊन बघा. सेंट ऑगस्टीनचं भव्य चर्च १८३५ नंतर ओस पडलं. १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. आज उरलाय तो एक सुळका. पर्यटक त्याच्यासमोर सेल्फी काढतात.

पैसे मागण्याआधी तीन कागद

चांगली मोहीम क्यूआर कोडपासून सुरू होत नाही. त्याआधी तीन कागद लागतात.

पहिला कागद मालकीचा. चर्च कुणाच्या नावावर आहे? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. महाराष्ट्रातली बरीच प्रोटेस्टंट चर्च परदेशी मिशनांनी बांधली. नगर-सोलापूर पट्ट्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं, पैसा बोस्टनहून यायचा. पुढे मिशनं गेली. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, अनेक मंडळ्या त्यात आल्या. पण जमिनी आणि इमारती बऱ्याचदा एखाद्या लांबच्या शहरातल्या मालमत्ता ट्रस्टच्या नावावर असतात. दर रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या मंडळीला भिंतीला हात लावायचा तरी सही तिथून आणावी लागते. आधी मालक ट्रस्टचं लेखी पत्र, मग वर्गणी. हा क्रम चुकला तर पैसे जमतात आणि काम अडकतं.

दुसरा कागद परवानगीचा. इमारत संरक्षित आहे का? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असेल तर मंडळीला स्वतःहून काम करता येत नाही. जुन्या गोव्याचं बॉम जीजस बॅसिलिका याचं ठळक उदाहरण. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव तिथे आहे. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने त्याचा चुन्याचा गिलावा काढला आणि आतला जांभा दगड उघडा पडला. दगडाची झीज होतेय, गिलावा परत करा, ही मागणी अनेक वर्षं होतेय. २०२० मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी छताच्या दुरुस्तीला उशीर होतोय म्हणून जाहीर नाराजी व्यक्त केली. भाविक पैसे द्यायला तयार असले तरी निर्णय पुरातत्त्व खात्याचा. मुंबईसारख्या शहरात वारसा यादी आहे, तिथे श्रेणीप्रमाणे वारसा समितीची मंजुरी लागते.

तिसरा कागद अंदाजपत्रकाचा. जुन्या इमारतींचं काम जाणणाऱ्या वास्तुतज्ज्ञाकडून आधी पाहणी करून घ्यायची. कुठे ओल, कुठे तडा, कुठे लाकूड पोकळ, याची फोटोंसकट यादी. मग कामाचे टप्पे: आत्ता केलं नाही तर पडेल ते पहिलं, दोन-तीन वर्षं थांबेल ते दुसरं, शोभेचं सगळ्यात शेवटी. या पाहणीलाच पैसे लागतात आणि तिच्यासाठी वर्गणी द्यायला लोक नाखूश असतात, कारण दिसत काहीच नाही. पण कंपनी असो वा ट्रस्ट, मोठा देणगीदार पहिल्यांदा हाच कागद मागतो.

पैसा येतो कुठून?

*मंडळीची वर्गणी.* दशांश आणि रविवारचं दान बहुतेक रोजच्या खर्चात जातं. दुरुस्तीसाठी वेगळा निधी आणि वेगळं बँक खातं लागतं. मराठी मंडळ्यांमध्ये कापणीचा सण असतो. शेतातलं धान्य, भाज्या, कोंबड्या, घरचे पदार्थ असं जे अर्पण येतं त्याचा उपासनेनंतर लिलाव होतो. एका भोपळ्यासाठी चढाओढ लागते आणि बाजारभावाच्या कित्येक पट रक्कम उभी राहते. भजनाचा किंवा ख्रिस्ती कीर्तनाचा कार्यक्रम, जुन्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, हेही मार्ग आहेत. मिशनच्या शाळेत शिकून बाहेर पडलेले अनेक जण ख्रिस्ती नसतात, पण शाळेच्या आवारातल्या चर्चशी त्यांच्या आठवणी जोडलेल्या असतात.

*गावाची वर्गणी.* महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा आहे आणि धर्मादाय आयुक्त त्यावर लक्ष ठेवतात. नोंदणीकृत ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. ज्यांचा ट्रस्ट नाही अशा मंडळांना धर्मासाठी किंवा धर्मादायासाठी वर्गणी गोळा करायची तर कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. म्हणून चार उत्साही तरुणांनी आपल्या खासगी खात्याचा क्यूआर कोड टाकून "चर्च बचाव" सुरू करणं हेतू चांगला असला तरी चुकीचं.

*कंपन्यांचा सीएसआर.* कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात सीएसआरमधून कुठली कामं चालतात याची यादी आहे. त्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींची दुरुस्तीही आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर टाटा कन्सल्टन्सीच्या मदतीने दुरुस्त झाला. इथे अर्ज करताना चर्चचा इतिहास, वय, बांधणी, गावाच्या जडणघडणीतली जागा हे मांडावं लागतं. "आमचं प्रार्थनास्थळ आहे" एवढं पुरत नाही. शिवाय पैसे ज्या संस्थेमार्फत खर्च होणार तिच्याकडे सीएसआर-१ नोंदणी, १२-अ आणि ८०-जी असावं लागतं. चर्चच्या ट्रस्टकडे ते नसेल तर वारसा जतनाचं काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घेणं हा मार्ग उरतो.

*सरकार.* राज्यघटनेच्या अनुच्छेद २७ प्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या पोषणासाठी कुणावर कर लादता येत नाही. पण इमारत वारसा म्हणून संरक्षित असेल तर तिचं जतन हे सरकारचं काम ठरतं. केंद्र सरकारने १९९६ मध्ये राष्ट्रीय संस्कृती निधी सुरू केला. त्यात देणगीदार ठराविक वास्तूसाठी पैसे देऊ शकतो.

*परदेशातले पैसे.* गावातून अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात गेलेली माणसं मदत करू इच्छितात. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या बँकेतून पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याची देणगी, किंवा परदेशी चर्चची आणि संस्थेची देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात आणि एका संस्थेला ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. "काकांनी अमेरिकेतून टाकले आणि आम्ही घेतले," असं केलं तर ट्रस्ट अडचणीत येतो.

करसवलतीचं खरं-खोटं

आवाहनात "८०-जी सवलत उपलब्ध" असं लिहिलेलं असतं. इथे थोडं थांबा.

फक्त धार्मिक काम करणाऱ्या ट्रस्टला सहसा ८०-जी मिळत नाही. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्व असलेलं, किंवा राज्यभर ख्याती असलेलं प्रार्थनास्थळ केंद्र सरकारने खास अधिसूचित केलं असेल, तर त्याच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीवर सवलत मिळते. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च, सगळ्यांना हा एकच नियम. तीसुद्धा रकमेच्या निम्म्यावर आणि उत्पन्नाच्या मर्यादेत.

आणखी दोन गोष्टी. दोन हजारांवरची देणगी रोखीत दिली तर सवलत नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळतच नाही. म्हणून सवलतीसाठी देणार असाल तर आधी विचारा. वास्तूसाठी देणार असाल तर सवलतीविना द्या.

समजा, हे चर्च कुंभारीजवळ आहे

नियम पुष्कळ झाले. आता एक कल्पित उदाहरण घेऊन आकडेमोड करू.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी लागतं. विडी आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत इथलीच. जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांचा ताबा मिळाला. केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा आणि कामगाराचा स्वतःचा हिस्सा अशी ती घरं उभी राहिली. थोडे थोडे पैसे घालून मोठं काम कसं होतं हे या भागाला शिकवायला नको.

समजा या परिसरात काळ्या दगडाचं, कौलारू, शंभर वर्षांचं एक छोटं चर्च आहे. मंडळीत दीडशे घरं, बहुतेक कामगार आणि शेतकरी. पाहणीत काय दिसेल? सोलापूरकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षीच्या या हालचालीने पायाला हादरे बसतात आणि भिंतीला तिरपे तडे जातात. वर छप्पर गळतंय, कैच्यांना वाळवी आहे. अंदाजपत्रक समजा ४० लाखांचं. ११ लाख छप्पर, ९ लाख पाया आणि पाण्याचा निचरा, १२ लाख भिंती आणि चुन्याचं काम, ८ लाख दारं-खिडक्या, फरशी आणि वीज.

"४० लाख द्या" म्हटलं तर दीडशे घरं हात टेकतील. पण दर घराने महिन्याला ३०० रुपये दिले तर महिन्याचे ४५ हजार होतात. दोन वर्षांत १० लाख ८० हजार. म्हणजे छपराचा टप्पा जवळपास मंडळीच्याच पैशांत होतो. ज्या घराला ३०० जड आहेत ते ५० देईल, ज्याला झेपतात ते हजार. श्रमदानही वर्गणीतच धरायचं, पण ते माती काढणं, सामान वाहणं एवढ्यापुरतं. चुन्याचं आणि कैचीचं काम जाणत्या कारागिरानेच करायचं.

छप्पर झालं की मंडळीच्या हातात दाखवण्यासारखं काहीतरी येतं. काम सुरू होण्याआधीचा फोटो, नंतरचा फोटो, पावत्या, तपासलेला हिशेब. आता गावात फिरता येतं, सोलापुरातल्या कारखानदाराकडे जाता येतं, सीएसआरचा अर्ज करता येतो. पाया आणि भिंतींसाठीचे २१ लाख बाहेरून येण्याची शक्यता तेव्हा खरी वाटायला लागते. आपले पैसे घालून पहिला टप्पा पुरा केलेल्या माणसांना बाहेरचा देणगीदार वेगळ्या नजरेने बघतो.

मागताना रक्कम एखाद्या वस्तूशी जोडावी. "दुरुस्ती निधी" हे शब्द माणसाच्या डोळ्यांसमोर काही उभं करत नाहीत. "एवढ्यात दहा कौलं बसतात," "एवढ्यात एक खिडकी होते" हे कळतं. मात्र खिडकीसाठी घेतलेले पैसे खिडकीलाच लावायचे. छपराला कमी पडले तर देणगीदाराला विचारून वळवायचे.

जगभरातून जमलेली एक मोठी वर्गणी

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. छप्पर जळालं, मनोरा कोसळला. तब्बल दीडशे देशांतल्या सुमारे ३ लाख ४० हजार देणगीदारांनी मिळून ८४ कोटी ६० लाख युरो दिले. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं.

यातला कमी बोलला गेलेला भाग असा. ही देणगी फक्त जतन आणि पुनर्बांधणीसाठी वापरायची असं फ्रान्सने खास कायदा करून ठरवलं. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी काम चालू असतानाच हिशेब तपासून जाहीर केले. काम संपल्यावर सुमारे १४ कोटी युरो उरले, ते कॅथेड्रलच्या बाहेरच्या भागाच्या दुरुस्तीसाठी वापरायचं ठरलं आणि तेही लोकांना सांगितलं गेलं.

कुठे ८४ कोटी युरो आणि कुठे ४० लाख रुपये. पण देणाऱ्याचा प्रश्न दोन्हीकडे तोच असतो: माझे पैसे तिथेच लागले का?

मेसेज आला, क्यूआर कोड आला. काय बघायचं?

पुढच्या वेळी असं आवाहन आलं, चर्चचं असो, मंदिराचं, दर्ग्याचं किंवा वाड्याचं, तर एवढं विचारा.

• ट्रस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक दिलाय का? धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीशी तो जुळवून बघता येतो.
• खातं ट्रस्टच्या नावावर आहे की एखाद्या माणसाच्या? कोड स्कॅन केल्यावर दिसणारं नाव वाचा, मगच पिन टाका.
• इमारत कुणाच्या मालकीची आहे आणि मालकाची लेखी संमती आहे का?
• पाहणी कुणी केली? कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च सांगितलाय का?
• काम चुन्यात होणार की सिमेंटमध्ये? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून समोरच्याने किती अभ्यास केलाय ते कळतं.
• पावती मिळते का? आतापर्यंत किती जमले, किती खर्च झाले हे कुठे लिहिलंय?
• काम रद्द झालं किंवा पैसे उरले तर काय करणार?

हे प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. प्रामाणिक मंडळीला ते हवेच असतात, कारण उत्तरं तयार असली की दुसरा देणगीदार मिळणं सोपं जातं. आणि तुम्ही स्वतः अशी मोहीम चालवत असाल तर कुणी विचारायच्या आधीच चर्चच्या दारावर फळा लावा. दर रविवारी त्यावर तीन आकडे लिहा: जमा, खर्च, शिल्लक. त्याचाच फोटो ग्रुपवर टाका.

१६७६ नंतर मुंबईत असा फळा कुणी लावला असता, तर त्या भिंती ४२ वर्षं उघड्या राहिल्या नसत्या.